फळ्यावरची तारीख

दिपमालाच्या घरी रविवारचा वाद चहाच्या आधी सुरू व्हायचा. पारोळ्यापासून दोन कोसांवर गाव, सात एकर कापूस, दोन म्हशी आणि ओट्यावर बसलेले सासरे, कौतिक नाना. सून ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून स्कूटी बाहेर काढायला लागली की नानांचा प्रश्न ठरलेला.

“आज बी का व? मांगला रविवारले गयथी ना?”

“हां नाना.”

“मंग आठ दिनमा इसरी गयी का उडावनं?”

दिपमाला हसायची आणि स्कूटी सुरू करायची. नानांना उत्तर नकोच असायचं. सकाळी कुणाशी तरी चार शब्द भांडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे, आणि घरात भांडायला सुनेइतकं सोयीचं दुसरं कोणी नव्हतं. ती तिथून धुळ्याला जायची, पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरायची, तीन बॅटऱ्या संपेपर्यंत ड्रोन उडवायची आणि म्हशीची धार काढायच्या वेळेला घरी हजर व्हायची. ती तिथं जाऊन नेमकं करते काय, हे गावातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्यांना चुकीचं ठाऊक होतं.

दिपमाला बारावी झालेली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आलेली, आता अडतिशीची. चार वर्षांपूर्वी गावच्या बचत गटाला फवारणीचं ड्रोन मिळायचं ठरलं, आणि ते शिकायला पंधरा दिवस बाहेरगावी कोण जाणार, यावर बैठक अडली. एकीची म्हैस व्यायला झाली होती, दुसरीच्या नवऱ्याला साधा चहा करता येत नव्हता. दिपमाला म्हणाली, मी जाते. तिचा नवरा योगराज तेव्हा काही बोलला नाही, पण ते पंधरा दिवस बापलेकांनी दोन्ही वेळा खिचडीच खाल्ली, हे तो अजून पाहुण्यांना सांगतो.

शिकताना तिला एक गोष्ट कळली, जी तोवर तिला कुणी सांगितली नव्हती. तिचा हात चांगला होता. इतरांचं यंत्र हवेत डुगडुगायचं, तिचं ठेवलं तिथं राहायचं. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की रात्री वसतिगृहाच्या खाटेवर ती दोन्ही अंगठे हलवत पडून राहिली. परत आल्यावर पंचक्रोशीत तिचं नाव ‘ड्रोनवाली वहिनी’ पडलं. फवारणीला लोक तिच्याच तारखा मागू लागले.

प्रेमराज आबांनी तिला त्या प्रशिक्षणातच हेरलं. आबा देवपूरचे. धुळ्याजवळच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानांची दुरुस्ती करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. स्वतः कधी विमान चालवलं नाही, पण चाकं जमिनीला टेकल्याच्या आवाजावरून ते सांगायचे, हा पोरगा किती दिवसांनी उडालाय. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी हौशी ड्रोनवाल्यांचं एक पथक जमवलं. अकरा माणसं, एक लहानसं ड्रोन आणि पगार कुणालाच नाही. जत्रेत हरवलेलं पोर शोधायचं, पुरात अडकलेल्याला दोरी पोचवायची, असली कामं. बोलावणं आलं की हातातलं टाकून जायचं.

पथकाचा नियम एकच होता आणि आबा तो सगळ्यांना पहिल्याच दिवशी ऐकवायचे. तीस दिवसांत तीन वेगवेगळ्या दिवशी, हातानं, दुसऱ्याच्या समोर उडवायचं. सरावाची जागा म्हणजे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं पत्र्याचं शेड. पत्र्याखाली उपग्रहाचा पत्ता नसतो, त्यामुळं यंत्राला स्वतःला सावरता येत नाही. सावरायचं ते अंगठ्यांनी. शेडच्या टोकाला एका स्टुलावर सरकीचं पोतं ठेवलेलं असायचं. हे पोतं म्हणजे बुडणारा माणूस. ड्रोनच्या आकड्याला दोरीनं टांगलेलं फुगीर जाकीट त्याच्या अंगावर नेऊन सोडायचं.

भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर अकरा नावं आणि प्रत्येकापुढं शेवटच्या सरावाची तारीख. तारीख शिळी झाली की आबा नावच पुसून टाकायचे. मग तो माणूस कितीही पटाईत असो, त्यानं बॅटऱ्या वाहायच्या आणि वर नजर ठेवायची. परत तीन दिवस भरले की नाव परत फळ्यावर.

“आबा, मी दिवसाला वीस-वीस वेळा फवारणी करते, ते धरा की,” दिपमाला एकदा म्हणाली होती.

“फवारणीचं यंत्र शेताचे चार कोपरे दाखवले की आपलं आपण जातं आणि आपलं आपण येतं,” आबा म्हणाले. “तू बांधावर उभी राहून त्याला निरोप देतेस. ते धरणार नाही.”

तिला ते लागलं होतं. पण ती रविवार चुकवत नव्हती, त्यामुळं प्रश्नही नव्हता.

या वर्षी प्रश्न आला. ऑगस्टपासून कापसावर असा काही मावा-तुडतुडा पडला की पारोळा, अमळनेर, एरंडोल, सगळीकडून फोन. दिपमाला उजाडता निघायची आणि दिवेलागणीला यायची. पहिला रविवार चुकला तेव्हा तिला दिवसभर चुटपुट लागली. दुसरा चुकला तेव्हा संध्याकाळी आठवण झाली. चौथ्या रविवारी नानांनीच विचारलं, “आज नही का जानं?” आणि ती म्हणाली, “काम शे, नाना.” नाना खूश झाले. त्यांना वाटलं, सुनेला एकदाची अक्कल आली.

नेमके तेव्हा आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं नाशिकला जाऊन राहिले होते. फळा सांभाळायला ललित होता, देवपुरात मोबाइल दुरुस्त करणारा. दिपमालाचा हात बघूनच तो पथकात आला होता. त्यानं फोन केला.

“अक्का, तुमची तारीख संपायला आलीय. आबा आले की पुसतील.”

“अरे, मी रोज उडवतेय ना,” ती एका बांधावर टाकी भरता भरता म्हणाली. “टाक रविवारची.”

ललितनं टाकली. पंधरा दिवसांनी पुन्हा टाकली. आपण खोटं लिहवून घेतोय असं दिपमालाला एकदाही वाटलं नाही, आणि गोची तिथंच होती. इतकं उडवणाऱ्या बाईचा हात जाईल कसा, असं तिला मनापासून वाटत होतं. सात रविवार गेले.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी दोन वाजता ती एरंडोल रस्त्याला फवारणीवर असताना योगराजचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं.

“नाना नदीमा अडकी गया. मोटार काढाले गयथात.”

गावात पावसाचा टिपूस नव्हता. पण वर डोंगराकडं धो धो कोसळला होता आणि बोरी नदीला पाणी येतंय असा निरोप सकाळीच फिरला होता. नदी येतेय म्हटलं की गावची शहाणी माणसंही पाण्याची मोटार वाचवायला धावतात. मोटार वाहून गेली तर रब्बीला पाणी कुठलं, एवढंच डोक्यात असतं. नानांची मोटार होती अर्धवट राहिलेल्या पुलाच्या नदीतल्या एका खांबाच्या पायथ्यावर. ते घोटाभर पाण्यातून तिथं गेले, बोल्ट ढिले करत बसले, आणि मान वर करून बघतात तर दोन्ही अंगांनी गढूळ पाणी.

दिपमालानं पहिला फोन आबांना लावला. आबा कालच नाशिकहून परतले होते. तिचं फवारणीचं यंत्र खाटेएवढं, ते तिथं कामाचं नव्हतं. पथकाचं लहान ड्रोन हवं होतं. आबा, ललित आणि पथकातली मयुरी जीपनं निघाले, दिपमाला गटाच्या गाडीनं. दोन्ही गाड्या नदीवर जवळपास एकाच वेळी पोचल्या.

काठावर निम्मं गाव जमलं होतं. नदीच्या मधोमध दोन खांब, त्यांच्यावर स्लॅबचा एक तुकडा, दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या लोखंडी सळया. काठाला जोडणारं बांधकाम झालंच नव्हतं, त्यामुळं वरून तिथं जायला वाट नव्हती. स्लॅबच्या खाली, खांबाच्या पायथ्यावर कौतिक नाना बसले होते. एका हातानं खांबातून निघालेली सळई धरलेली, दुसऱ्या हातात मोटारीची दोरी. पाणी पायथ्याच्या कडेला लागलं होतं. बचावाची बोट दुसऱ्या गावी गेली होती, तिला यायला अजून सव्वा तास होता. नानांना पोहायला येत नव्हतं.

सव्वा तास टिकायचं तर जाकीट आणि कमरेला दोरी पाहिजे. ते स्लॅबच्या खाली नेऊन द्यायचं, म्हणजे हुबेहूब पत्र्याच्या शेडसारखं. वर सिमेंट आणि लोखंड, उपग्रह नाही, बाजूला वारा. जाकीट एकच, दोरीही एकच. पाण्यात पडलं तर संपलं.

आबांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा सारखा केला. “फळा मी कालच पाहिला. तुझी तारीख ताजी आहे, दिपमाला. हातही तुझाच चांगला. तू उडव.” आणि रिमोट पुढं करताना त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो ते कामाआधी प्रत्येकाला विचारायचे. “नाक तुझ्याकडं आहे. यंत्र तुझ्या डावीकडं न्यायचंय. स्टिक कुठं?”

“उजवीकडं,” दिपमाला म्हणाली.

उत्तर बरोबर होतं; यंत्राचं तोंड आपल्याकडं असलं की त्याची डावी-उजवी आपल्या उलट होते. पण ते द्यायच्या आधी तिला विचार करावा लागला. दोन क्षणच, आबांनाही ते जाणवलं नाही. तिला जाणवलं. दोन महिन्यांपूर्वी हे उत्तर तिच्या अंगठ्यात असायचं, डोक्यापर्यंत जायचं कामच नव्हतं. सात आठवडे त्या अंगठ्यानं एक बटण दाबण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

 समोर सासरे, बाजूला नवरा, मागं सगळं गाव, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या हातांकडं. योगराज तर हात जोडून उभा होता. बोललं तर या सगळ्यांसमोर आपली लाज जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ललित खाली मान घालून बॅटरीचं झाकण उगाच उघडत-लावत होता. मयुरीलाही ठाऊक होतं, कारण ती प्रत्येक रविवारी शेडमध्ये हजर असायची. पण स्वतःचा सासरा पाण्यात असलेल्या बाईला काय बोलायचं, हे तिला कळेना.

“आबा, ती तारीख खोटी आहे,” दिपमाला म्हणाली. “मी सात रविवार आलेले नाही. ललितला मीच लिहायला सांगितलं.”

योगराजला काही समजेना. “पन तू तं रोज उडावस,” तो म्हणाला.

“रोज फवारते. हे वेगळं शे.” तिनं मयुरीकडं बोट केलं. “मयुरी उडवेल.”

 आबांनी लगेच रिमोट मयुरीच्या हातात दिला.

मयुरी देवपूरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला होती. तीन वर्षांत तिनं एक रविवार चुकवला नव्हता आणि तीन वर्षांत तिला एकही मोठं काम मिळालं नव्हतं. तिचं उडवणं बघत राहावं असं नव्हतंच. हळू, अडखळत, जरा जास्तच जपून. दिपमालानं मनातल्या मनात तिला कितीदा नावं ठेवली होती. आता तीच दिपमाला पन्नास पावलं खाली जाऊन, जिथून स्लॅबच्या खालचं दिसत होतं तिथं, गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि मोठ्यानं अंतर सांगू लागली.

“वरून तीन हात आहेत. सरळ ये. अजून. थांब.”

पहिल्या वेळी वारा आला. जाकीट झुललं, नानांच्या डोक्यावरून गेलं आणि सळयांकडं सरकलं. काठावरच्या बायका ओरडल्या. मयुरीनं घाई केली नाही. यंत्र जसं आत नेलं तसंच मागं घेतलं, उघड्यावर थांबवलं, झुलणं बंद होईपर्यंत वाट पाहिली. शेडमध्ये तिनं हेच शंभरदा केलं होतं. दिपमाला कैकदा तिला म्हणाली होती, किती वेळ लावतेस ग.

“आता ये,” दिपमाला ओरडली. “डावीकडं एक हात. खाली. बस्स, तिथंच राहा.”

जाकीट नानांच्या खांद्याला टेकलं. पण नानांचे दोन्ही हात गुंतलेले. एकात सळई आणि दुसऱ्यात मोटारीची दोरी.

“नाना, ती मोटार सोडा!” योगराज काठावरून ओरडला. नानांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी दोरी दातांत धरली, मोकळ्या हातानं जाकीट ओढून घेतलं, आणि मयुरीनं आकडा सोडला. जाकीट अंगात घालताना मात्र तोंड उघडावं लागलं. तेवढ्यात मोटार गेली.

जाकिटासोबत आलेली कमरेची दोरी त्यांनी सळईला बांधली. पुढच्या तासाभरात पाणी पायथ्यावर चढलं, मग त्यांच्या मांड्यांवर, मग छातीला लागलं. दिपमालानं तेवढा वेळ नजर हलवली नाही. एकदा लाटेनं नानांचे पाय सुटले तेव्हा ते बाटलीच्या बुचासारखे वर आले आणि दोरीनं त्यांना जागेवर धरलं. सव्वाचारला बोट आली. नाना काठावर उतरले, सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, “मोटार गयी.”

दिपमालाचा जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर तिला रडू फुटलं. एकोणीस वर्षांत ती त्यांच्यासमोर रडली नव्हती.

“रडस काबरं?” नाना ओशाळून म्हणाले. “जुनीच व्हती ती.”

रविवारी सकाळी दिपमालानं स्कूटी बाहेर काढली, तर नाना टोपी घालून फाटकाशी उभे. प्रश्न नाही, वाद नाही. “चाल, मी बी येस,” म्हणाले आणि मागं बसले.

शेडमध्ये दिपमालानं आधी फळा गाठला. आपलं नाव आबांनीच पुसावं, सगळ्यांसमोर पुसावं, असं तिचं म्हणणं होतं. आबांनी पुसलं. ललितचे कान लाल झाले होते. त्यालाही आबांनी पंधरा दिवस बॅटऱ्या वाहायची शिक्षा दिली होती. मयुरी कडेला वही घेऊन साक्षीदार म्हणून बसली.

नाना पत्र्याखाली हिंडत होते. स्टुलावरच्या पोत्यापाशी ते थांबले. “हाई काय शे?”

“तो बुडणारा माणूस आहे, नाना.”

नानांनी पोत्याकडं जरा वेळ पाहिलं. मग ते उचलून खाली ठेवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. आबा नको नको म्हणाले, पण नाना उठेनात. शेवटी आबांनी आपलं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि जाकिटाची दोरी दुप्पट लांब केली, म्हणजे यंत्र नानांपासून दूर राहील.

दिपमालानं यंत्र उचललं. इथं पाणी नव्हतं, वारा नव्हता, कोणी ओरडत नव्हतं. ते अर्ध्या शेडपर्यंत सरळ गेलं आणि तिला बरं वाटलं. मग नाक तिच्याकडं वळलं. सावरायला तिचा अंगठा डावीकडं गेला. जायला हवा होता उजवीकडं. जाकीट लांब झुललं, तिनं घाबरून आकडा सोडला आणि ते नानांपासून चार हातांवर, भिंतीच्या कडेला जाऊन पडलं.

 नानांनी जाकिटाकडं पाहिलं, मग हेल्मेटची काच वर करून सुनेकडं पाहिलं.

“आते मी वाही गयथू ना, माय,” ते शांतपणे म्हणाले.

 दिपमालानं यंत्र खाली उतरवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. गुरुवारी तो रिमोट हातात घेतला असता तर काय झालं असतं, ते चार हातांवर पडलेलं होतं. तिला भीती वाटायला हवी होती, पण आतून सुटकाच वाटत होती, इतकी की हसू येईल की काय असं वाटलं. तिनं मयुरीकडं पाहिलं. मयुरी वहीत मान घालून लिहीत होती.

“चल, दुसरी बॅटरी लाव,” आबा म्हणाले.

दुसऱ्या वेळी जाकीट हातभर बाजूला पडलं. तिसऱ्या वेळी ते नानांच्या मांडीवर येऊन बसलं आणि नानांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तरी आबांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. आज एकच दिवस धरला जाणार होता, अजून दोन राहिले होते.

परतताना पांझरेच्या पुलावर गर्दी लागली. स्कूटी थांबल्यावर नानांनी मागून सुनेच्या खांद्यावर बोट टोचलं.

“पुढला रविवारे कितला वाजता निघनं?”

“सातले, नाना.”

“साडेसहाले निघूत,” नाना म्हणाले. “आज तुले उशीर व्हई गया.”